न चाललेली रेषा

आमच्या खात्यात परदेशी पाहुणे अधूनमधून येत. ते यायचे म्हटलं की जिन्याच्या कोपऱ्यातल्या पानाच्या पिचकाऱ्यांवर चुना मारला जाई आणि संडासात साबणाची वडी दिसू लागे. त्या हिवाळ्यात निरोप आला तो मात्र वेगळाच होता. येणारी बाई आमच्यासारखीच भूवैज्ञानिक होती आणि अंतराळात जाऊन आलेली होती. साहेबांनी अख्खा मजला रंगवून घेतला. आनंदानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून जे जेवण गेलं नाही ते भीतीनं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. सरकारी खात्याच्या हैदराबाद ऑफिसात लागून तीन वर्षं झाली होती, आणि स्वतःच्या वाट्याचा भाग घेऊन नकाशा करायला फील्डवर जाणारी त्या ऑफिसातली मी पहिली बाई. घर नल्लकुंट्याला. वडील पोस्टात, नांदेडकडून बदली होऊन आले आणि इथेच रमले. आई रमली नाही. तिला माझ्या नोकरीचा अभिमानही होता आणि रागही, आणि ती दोन्ही एका दमात बोलून दाखवायची. "बाहत्तरच्या दुष्काळात मी रस्त्याच्या कामावर खडी फोडली ती पोटासाठी. म्हटलं, पोरीच्या हाती हातोडा येऊ नये म्हणून हिला शिकवावं. तर ही एमएस्सी होऊन जीपमधून दगड फोडायला जाते!" मला बघायला येणाऱ्या मंडळींना ती 'सरकारी नोकरी' एवढंच सांगायची.

दिवस उलथापालथीचे होते. चिक्कडपल्लीच्या गच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, हिमायतनगरला दर दोन दुकानांआड कॉम्प्युटर क्लासची पाटी. शहराभोवतीचे ते अगडबंब गोल धोंडे सुरुंग लावून फोडले जात होते, कारण नव्या कॉलन्यांना जागा हवी होती आणि पॉलिश केलेला ग्रॅनाइट बोटीतून परदेशी जाऊ लागला होता. माझ्याबरोबर शिकलेले दोघं ग्रॅनाइटच्या कंपन्यांत गेले. मला म्हणाले, सरकारी नकाशे आता बघतंय कोण? त्यांचं खोटं नव्हतं. पण मला नकाशेच करायचे होते, त्याला इलाज नव्हता.

माझा भाग शहराच्या पश्चिमेला, विकाराबादच्या बाजूला होता. आपला महाराष्ट्राचा काळा पत्थर तिकडं संपतो आणि तेलंगणाचा गुलाबी ग्रॅनाइट सुरू होतो. काळा पत्थर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांचा, त्याच्या खाली पसरलेला. या दोघांमधली हद्द नकाशावर रेषेनं दाखवायची, आणि तिचा एक नियम आहे. जी हद्द तुम्ही स्वतः चालून, पाहून ठरवली ती सलग रेषेनं काढायची. जी अंदाजानं ठरवली ती तुटक. तुटक रेषेत लाज काही नाही. खाली माती असते, पिकं असतात, जमिनीच्या पोटातलं सगळ्यांनाच कुठून दिसणार?

पण आमच्या ऑफिसात मला पहिल्यांदा फील्डवर पाठवलं तेव्हा जेवणाच्या सुट्टीत एकजण मोठ्यानं म्हणाला होता, "आता बघा, सगळ्या रेषा तुटक येणार." सगळे हसले. मीही हसले, आणि ते वाक्य घरी घेऊन गेले.

बायकांसाठी खात्यानं मोठ्या मायेनं एक नियम केला होता. सूर्य मावळायच्या आत कॅम्पवर परत. फील्डच्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी माझी एक टेकडी राहिली होती. तिच्या पायथ्याशी काळे दगड पसरलेले दिसत होते. ते तिथलेच आहेत की वरून गडगडत आलेत हे पाहायला वर चढायला हवं होतं. दगड उतारावरून खाली येतात, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. पण ड्रायव्हर चाचा हॉर्न वाजवत होते. "चलो मॅडम, सूरज डूब रा. बाद में मेरे कू बोलेंगे." मी जीपमध्ये बसल्या बसल्या पायथ्याशी हद्द धरली.

ऑफिसात शाईनं नकाशा पक्का करताना त्या जागी हात थांबला. तुटक काढायला हवी होती. मी सलग काढली. नकाशावर तीन सेंटिमीटर, जमिनीवर दीड किलोमीटर. साहेबांनी माझ्या नकाशाचं कौतुक केलं, सगळ्यांना बोलावून दाखवला आणि छपाईला पाठवायच्या गठ्ठ्यात लावला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. कुणी नकाशासमोर उभं राहिलं की मी त्याचा डोळा कुठं जातोय ते बघायची.

आणि आता ती बाई येणार होती.

तिचं भाषण आमच्याच सभागृहात झालं. ती पन्नाशीच्या आतबाहेरची, बारीक, केस अर्धे पांढरे, पायात मळके कॅनव्हासचे बूट. हार घालायला गेलेल्या शिपायाला तिनं स्वतःच वाकून मान दिली. तिनं सांगितलं की ती बारा वर्षं डोंगरांत तंबू टाकून नकाशे करत होती. एका दिवशी कॉलेजच्या उपाहारगृहात अंतराळवीर हवेत अशी जाहिरात लागली आणि मैत्रिणीनं गंमत म्हणून तिच्या हाती फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, विमान किती तास चालवलंय? तिनं शून्य लिहिलं. पहिल्या वेळी नकार आला, दुसऱ्या वेळी नकार आला. तिसऱ्या वेळी तिनं शून्यच लिहिलं आणि बोलावणं आलं.

"वर गेल्यावर प्रत्येकजण प्लंबर होतो," ती म्हणाली. आठ दिवसांतले दोन दिवस तिनं तरंगत्या यानातला संडास दुरुस्त करण्यात घालवले होते. सभागृह हसून लोटपोट झालं. उरलेल्या वेळात ती खिडकीला नाक लावून बसायची. तिला तिथं एकच दुःख होतं. जमिनीवर आपल्या हातात दगड असतो आणि त्यावरून आपण मुलुखाचा अंदाज बांधतो. वर अख्खा मुलूख दिसतो, पण हातात दगड नाही. आठ दिवस तिनं कुठल्याच दगडाला हात लावला नव्हता. परत उतरल्यावर पाय लटपटत होते, लोक धरायला आले, आणि ती धावपट्टीवर बसकण मारून त्या काँक्रीटमधली खडी कुठल्या दगडाची आहे ते बघत राहिली. इतक्या लांब जाऊनही माणूस आमच्यातलाच राहतो, हे मला फार मोठं वाटलं.

मग दिवे मालवून तिनं फोटो दाखवले. एका फोटोपाशी ती थांबली. पडद्याचा डावा भाग काळसर होता, सांडलेली शाई पसरावी तसा. उजवीकडे एकदम फिकट, तांबूस. मधे वेडीवाकडी कड. "ही तुमचीच," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी मला ही पहिल्यांदा दिसली. मिनिटभरात निघून जायची. नंतर यान या बाजूनं येणार असलं की मी बाकीची कामं टाकून खिडकीपाशी जायची."

मी अंधारात बसून त्या कडेकडे बघत होते. देशांच्या सीमा वरून दिसत नाहीत म्हणतात, आणि ही दिसत होती. नांदेड काळ्यावर, नल्लकुंटा तांबूसवर. आमच्या घरची भांडीकुंडी, आई, वडील, तीन पोरं एका ट्रकमधून ती कड ओलांडून आली होती आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. आभाळातून जिच्याकडे बघायला ही बाई कामं टाकून धावत होती, तिच्यातला दीड किलोमीटर मी खोटा काढला होता. मला तिथंच उठून बाहेर जावंसं वाटलं.

भाषणानंतर साहेबांनी तिला विचारलं, चारमिनार बघणार की सालारजंगचं म्युझियम? ती म्हणाली, "मला ती कड बघायचीय. एक पाय काळ्यावर आणि एक पाय गुलाबीवर ठेवायचाय. येण्याचं कबूल केलं तेच त्यासाठी."

साहेब तेलुगू. नागपूरला बारा वर्षं काढल्यामुळं माझ्याशी मराठी बोलत, तेही तिकडचं. त्यांनी माझा नकाशा पसरला आणि हद्द रस्त्याच्या अगदी जवळ कुठं येते ते शोधलं. बोट टेकवलं ते नेमकं माझ्या तीन सेंटिमीटरवर. "हे पाहा, जीप थेट जाते. आणि रेषाही सलग आहे, पक्की. उद्या सकाळी निघू. तूही चल, तुझीच शीट आहे."

त्या रात्रीचं काही सांगत नाही. सकाळी हिमायतनगरच्या गेस्टहाउसवरून बाईला घेतलं. साहेब पुढं चाचांच्या शेजारी, आम्ही दोघी मागं. तिला रस्त्याकडेच्या प्रत्येक धोंड्याचं कौतुक. सुरुंगांनी फोडलेली एक टेकडी दिसली तेव्हा ती म्हणाली, निदान आतला ताजा दगड तरी बघायला मिळतो. मी तिला विचारलं, वर भीती वाटली का? म्हणाली, "मरायची वाटली नाही. चुकायची वाटली. खाली इतके लोक बघत असतात की माहीत नाही म्हणायला जीभ उचलत नाही." मी खिडकीबाहेर बघायला लागले. ती माझ्याबद्दल बोलत नव्हती, पण मला दुसरं काही ऐकूच येईना.

जागा आली. खाली उतरून ती धावतच गेली. उजवा पाय एका काळ्या दगडावर, डावा तांबूस मुरमाड जमिनीवर ठेवून तिनं हात पसरले आणि लहान मुलीसारखी हसली. साहेबांनी दोन फोटो काढले. चाचांनी टाळ्या वाजवल्या. मी वही छातीशी धरून उभी.

मग ती वाकली. काळ्या दगडाला हात लावला, तो थोडा हलवून पाहिला. वर टेकडीकडे पाहिलं. पुन्हा दगडाकडे. तिच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता येईना. ती माझ्याकडे वळली आणि आमच्या धंद्यात एकमेकांना सहज विचारतात तो साधा प्रश्न तिनं विचारला. "ही हद्द तू चालली आहेस ना?"

हो म्हणायला एक श्वास पुरला असता. साहेब कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत हसऱ्या तोंडानं माझ्याकडे बघत होते. एकदा लबाडी केली होती ती कागदाशी, हे मला त्या क्षणी कळलं. आता ज्या बाईशी करायची होती तिनं फॉर्मवर तीनदा शून्य लिहिलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "चालले नाही. जीपमधून बघून काढली."

"मग खरी कुठं आहे?"

"माहीत नाही."

मला वाटलं आता ती तोंड फिरवेल. पण तिचे डोळे असे चमकले की मी चपापले. "माहीत नाही? उत्तम! चल, शोधू." आणि साहेबांकडे न बघताच ती टेकडी चढायला लागली.

चढावर सगळी माती. अर्ध्यावर एक सपाटी होती, तिथं तुरीचं शेत. दगड उघडा कुठंच नाही. अशा वेळी आम्ही विहिरी बघतो. शेतकऱ्यानं पाण्यासाठी खोदलेली विहीर म्हणजे आमच्यासाठी जमिनीला पाडलेली खिडकी. शेताच्या कडेला एक होती, न बांधलेली, खडकातच एका अंगानं उंच उंच पायऱ्या कोरलेली. बाजूला शेतमालकीण म्हातारी तुरीच्या शेंगा काढत होती. आम्ही खाली उतरायचं विचारल्यावर तिनं कपाळावर हात मारला. "कायकू उतरते अम्मा? पानी नीचे है, साँप भी रहता." म्हातारी सापाचं सांगतेय हे मी आकाशातून आलेल्या बाईला इंग्रजीत सांगितलं. तिनं खांदे उडवले, हातोडी कमरेला खोचली आणि पहिल्या पायरीवर बसली.

"अगं, पाहुण्या आहेत त्या! काय करून राहिली तू?" मागून धापा टाकत आलेले साहेब ओरडले. तोवर मीही उतरायला लागले होते.

पायऱ्या घोट्याला खरचटत होत्या. वरचे दहा-बारा हात काळा पत्थर, कुजलेला, कांद्यासारखे पापुद्रे निघणारा. मग ती थांबली. तिनं मला खुणेनं बाजूला बोलावलं आणि आम्ही एकाच पायरीवर अंग चोरून उभ्या राहिलो. आमच्या डोळ्यांसमोर काळा दगड संपला होता. त्याच्याखाली चार बोटं जाडीचा तांबड्या मातीचा पट्टा, भाजलेल्या विटेसारखा. त्याच्याखाली गुलाबी ग्रॅनाइट. खरी हद्द इथं होती, अर्ध्या टेकडीवर; पायथ्याचे दगड वरून गडगडत गेलेले.

तिनं हाताचा पंजा उघडून तिथं टेकवला. बोटं काळ्यावर, मनगट गुलाबीवर. मग हात काढला आणि माझा हात धरून तिथं ठेवला.

ते मला अजून नीट सांगता येत नाही. पंजाखाली अडीचशे कोटी वर्षं होती आणि साडेसहा कोटी वर्षं होती, आणि मधली सगळी, जी कुठंच नोंदलेली नाहीत, ती त्या चार बोटं मातीत मावली होती. दगड गार होता. तांबड्या मातीचा ओलसर वास येत होता. ती मातीही कधीकाळी उघडी होती, तिच्यावर ऊन पडत होतं, आणि मग लाव्हा आला. मी रडले, सरळ रडले. ती बाईही डोळे पुसत होती. वरून म्हातारी विचारत होती, "मिला क्या?" तिला वाटलं आमचं काहीतरी विहिरीत पडलंय. मी वर ओरडले, "मिला अम्मा, मिला!"

वर आलो तेव्हा साहेब तुरीत उभे होते, बुटांत माती, तोंड लाल. पाहुणीनं जाताना त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं की तिच्या आयुष्यातला हा फार चांगला दिवस होता. माझ्या वहीच्या त्या दिवसाच्या पानावर तिनं विहिरीचं चित्र काढून दिलं आणि दुसऱ्या दिवशी विमानानं गेली.

ती गेल्यावर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांना मी घाबरत असे, पण माणूस वाईट नव्हता. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "ती बाई कोणाला सांगणार नाही. नकाशा छपाईला चाललाय. गुपचूप तुटक करून टाक, मी पाहिलं नाही." मी म्हणाले, सही झालेल्या नकाशात बदल करायचा तर लेखी कारण द्यावं लागतं. त्यांनी चष्मा काढला. "लिहून देशील तर वरचे काय म्हणतील माहीत आहे? बाईमाणसाला पाठवलं म्हणून असं झालं. मग तुझं फील्ड गेलं, ते गेलंच. पण तुझ्यामागून येणाऱ्या पोरींचंही गेलं. त्यांचा विचार कर."

हे मात्र मला खरंच लागलं. माझ्या चुकीची शिक्षा मी भोगली असती, पण ती दुसऱ्या कुणाच्या माथी मारायचा मला काय हक्क होता? दोन दिवस मी ऑफिसात येऊन नुसती बसून राहिले. घरी आईला सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, बरं झालं, सोड ते दगड. ती भाकरी थापत होती, थापता थापता थांबली. म्हणाली, "खडीचं माप घेताना मुकादम खोटं लिहायचा ना, तेव्हा आम्हाला तोंड उघडायची सोय नव्हती. तुला आहे." आणि पुन्हा थापायला लागली.

मी लिहून दिलं. 'या भागातील हद्द प्रत्यक्ष चालून पाहिलेली नाही, तरी ती सलग दाखवली गेली, ही चूक माझी आहे.' साहेबांनी वाचलं, पोच दिली आणि वर पाठवलं. छपाई थांबली. मला मेमो मिळाला.

साहेब म्हणाले होते तसंच झालं. दोन हंगाम मला नमुन्यांच्या खोलीत बसवलं. दुसऱ्यांनी आणलेल्या दगडांवर मी नंबर रंगवत बसले. त्याच वर्षी ऑफिसात एक नवी मुलगी लागली, हुशार, तडफदार. तिलाही फील्ड नाही, तीही माझ्याच शेजारी. माझ्यामुळं असं झालं हे तिला कुणीतरी सांगितलं आणि ती तीन महिने माझ्याशी अवाक्षर बोलली नाही. तिचा राग बरोबर होता. मी तिची समजूत काढायला गेले नाही, काय तोंडानं जाणार? मग एका दुपारी तिनं आपणहून विचारलं, "अक्का, त्या विहिरीत नेमकं काय दिसलं?" मी सांगायला लागले आणि चहा गार झाला.

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी साहेबांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझी जुनी शीट पसरलेली होती. वरून आदेश आला होता की ती पुन्हा तपासून द्यावी, आणि ज्यानं घाण केली त्यानंच ती निस्तरावी. "दोघी जा," साहेब म्हणाले. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळी चाला. पायी. प्रत्येक विहीर बघा, जीपमधून एक इंच नको. तीन महिने लागतील, पाय तुटतील. ही शिक्षा आहे बरं, समजून राहिल्या ना?" आम्ही दोघी मान खाली घालून हो म्हणालो, कारण वर पाहिलं असतं तर आमची तोंडं साहेबांना दिसली असती.